सिनेमातल्या जज्जसाहेबांना पत्र

मी बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. साहेब बोलत आणि मी लिहून घेई. साहेब बदलत, कुणी डोळे मिटून सांगे, कुणी खिडकीकडे बघत सांगे, पण 'सबब' आणि 'येणेप्रमाणे' हे दोन शब्द कधी बदलले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ म्हणजे आता वेळ मोजत बसा, असा आमच्या यजमानांनी अर्थ लावला. ते वीज खात्यातून माझ्या तीन वर्षं आधी घरी बसले होते, त्यामुळे या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता.

अमरावतीच्या आमच्या घरात दुपारी यजमान झोपत आणि मी फोनवर जुने सिनेमे बघे. लहानपणी अकोल्याच्या टॉकीजमध्ये बघितलेले सगळे तिथं सापडत होते. फक्त तेव्हा पडद्यावर माणूस आपल्या तिप्पट दिसायचा, आता तळहातावर मावायचा. त्यातूनच पत्रं लिहायचा जुना नाद परत आला.

हा नाद आठवीतला. अकोल्यात आमच्या वर्गातल्या मुली तेव्हा एका नटावर जीव टाकायच्या. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी त्याला पत्रं लिहिली. दीड महिन्यानं दोघींना फोटो आले, खाली निळ्या शाईत सही. मैत्रिणीला वाटलं त्यानं तिच्यासाठी केली आणि मला वाटलं माझ्यासाठी. भांडण मिटवायला दोन्ही फोटो एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. रेघ रेघेवर बसली. छापील होती. मैत्रीण रडली. मी मात्र ती सही गिरवून गिरवून शिकले आणि वर्गातल्या चौघींना त्यांच्या वहीत करून दिली. त्या खूश झाल्या. फसवणूक होती हे खरं, पण माझी निदान हातानं केलेली होती.

तर निवृत्तीनंतर मी परत सुरुवात केली. जुन्या सिनेमांच्या वेड्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, त्यात नागपूरचे एक गृहस्थ कुणाकुणाचे पत्ते मिळवून देतात. हयात असलेल्या अकरा जणांना मी पत्रं टाकली, सगळे एकेकाळचे मोठे. एका नायिकेच्या सुनेनं फोनवर कळवलं की आईंना पत्रं वाचून दाखवणं डॉक्टरांनी बंद केलंय. एका नायकाच्या ऑफिसातून वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या व्हिडिओचं दरपत्रक आलं, नाव घेऊन शुभेच्छा हव्या असतील तर वेगळा दर. आणि एकाचा फोटो आला. तो मी लगेच खिडकीच्या काचेला लावला नाही, कारण आता शेजारी ठेवायला मैत्रिणीचा फोटो नव्हता. सही खरी आहे असं मी धरून चालले. कायद्यात त्याला संशयाचा फायदा म्हणतात.

यजमान म्हणाले, "जलमभर खऱ्या जज्जाईचं लिहून घेतलं, आता नट्याईले लिहून रायली. तुह्या हाताले आराम नाई काय?"

त्यांच्या बोलण्यामुळेच असेल, पण एका दुपारी सिनेमा बघताना माझं लक्ष कोर्टाच्या सीनमधल्या जज्जाकडे गेलं. बत्तीस वर्षं मी ज्या खुर्चीच्या डावीकडे बसले, त्या खुर्चीत हे गृहस्थ होते. मग लक्षात आलं, हेच गृहस्थ दुसऱ्या सिनेमातही होते आणि तिसऱ्यातही. त्या काळात जज्ज म्हटलं की यांनाच बोलवत असावेत. पांढरा टोप, चष्मा आणि असा आवाज की शेवटच्या रांगेतल्या माणसानंही पाय खाली घ्यावेत. नायकाला फाशी देताना यांना वाईट वाटायचं आणि निर्दोष सोडताना त्याहून थोडं जास्त वाटायचं. मुख्य म्हणजे केस त्याच दिवशी संपायची. माझ्या डोळ्यांना हे फारच सुंदर दिसलं.

त्या वेळी मी महिनाभर अकोल्यात ताईकडे होते. माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मी तिच्या सोबतीला. तिथूनच त्यांना पत्र लिहिलं. नेहमीचं कौतुकाचं नव्हतं. मी कळवलं की आपण अमुक सिनेमात निकालावर सही करताना पेनचं टोपण काढलेलं नाही. तमुक सिनेमात आपण चोरीच्या गुन्ह्याला खुनाचं कलम लावलंय. आणि आपल्या कोर्टात स्टेनोची खुर्ची कधीच नसते, तर आपले निकाल लिहून कोण घेतं? खाली माझं पद लिहिलं आणि ताईचा पत्ता.

आठ दिवसांत उत्तर आलं. अक्षर थरथरतं पण वळणदार, भाषा मराठी. मला वाटत होतं ते हिंदीवाले असतील, पण ते इंदूरच्या मराठी घरातले निघाले. त्यांनी लिहिलं होतं, 'माझा निकाल आजवर कोणी वाचला नव्हता. टोपणाची चूक मान्य. कलम लेखकानं दिलं होतं.' मी परत लिहिलं, कधी वऱ्हाडात आलात तर अवश्य घरी या. पत्राच्या शेवटी असं सगळेच लिहितात. येत कोणी नाही, म्हणूनच तर लिहितात.

त्यानंतर सहा-सात महिने काही नाही. डिसेंबरात एका सकाळी ताईचा अकोल्याहून फोन आला. आवाज दबका. ती म्हणाली, एक म्हातारे गृहस्थ बॅग घेऊन दारात उभे आहेत आणि मी जज्ज आहे असं सांगून राहिले आहेत. त्या दिवसांत खोटे पोलीस आणि खोटे जज्ज फोनवर लोकांना घरातल्या घरात अटक करत होते. फोन लावला की आधी त्याचीच सूचना ऐकावी लागायची. ताईला ती पाठ झाली होती. इथं तर जज्ज फोनवरून निघून थेट दारापर्यंत आला होता. तिनं जाळीचा दरवाजा लावून घेतला होता आणि आतून सांगितलं होतं की आमच्या घरात कोणी काही केलेलं नाही.

मी विचारलं, "त्याईचा आवाज कसा आहे?"

"आवाज लय मोठ्ठा आहे," ताई म्हणाली. "मले तं गुन्हा कबूल करावासा वाटून रायला."

मग मला कळलं कोण ते. दार उघड, चहा कर आणि त्यांना बसव, असं सांगितलं. तिनं दार उघडलं, पण मी आणि यजमान अकोल्याला पोचेपर्यंत शेजारच्या दोन बायकांना सोबत बसवून ठेवलं. आम्ही पोचलो तेव्हा ते ताईच्या सोफ्यावर ताठ बसून पोहे खात होते आणि समोर तीन बायका साक्षीदारासारख्या ओळीनं बसल्या होत्या. टोपाची आता गरज नव्हती, स्वतःचेच केस पांढरेशुभ्र झाले होते. सिनेमात जज्ज झाले तेव्हा ते तिशीतले होते, आता पंच्याऐंशी उलटलेली. म्हणजे ज्या वयाचं काम त्यांनी जन्मभर केलं, त्या वयाला ते आता कुठं पोचले होते, आणि आता काम नव्हतं.

गाडीत त्यांनी सगळं नीट सांगितलं. मुंबईत ते राहत होते ती इमारत पाडायला दिली होती. भाड्याची दुसरी जागा मिळायला पंधरा दिवस होते. मुलगी परदेशात, ती म्हणाली हॉटेलात राहा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी कपाट आवरताना पत्रांचा गठ्ठा काढून पाहिला, तर या म्हणून लिहिलेलं एकच पत्र निघालं. येत असल्याचं त्यांनी मला कळवलंही होतं. ते पत्र ते आल्यानंतर चौथ्या दिवशी ताईकडे पोचलं.

यजमान गाडी चालवत होते. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मला आरशातून दोनदा बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर तेवढ्यावरून मला पूर्ण वाक्य कळतं. पंधरा दिवस, असं ते वाक्य होतं.

सही गोळा करणाऱ्याची एक अडचण असते. त्याला सही हवी असते, माणूस नको असतो. सही वहीत राहते. माणसाला सकाळी सहाला कोमट पाणी लागतं, भाजीत तिखट चालत नाही, न्हाणीघरात धरायला दांडी लागते आणि त्याच्या बातम्यांची वेळ नेमकी आपल्या मालिकेची असते. पहिल्या दोन दिवसांत मी चार वेळा मनात म्हटलं की आपण सगळ्यांना पत्रं लिहिली ते ठीक, पण उत्तर यायला नको होतं.

पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. यजमान त्यांना एका ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगायला लागले. पुराच्या वर्षी तो कसा बंद पडला आणि यजमानांनी कसा चालू केला, ही ती गोष्ट. ती मी, आमची मुलं, दोन्ही व्याही आणि गल्लीतले सगळे ऐकून होतो, त्यामुळे ती निघाली की ज्याला त्याला काम आठवायचं. जज्जसाहेबांनी ती पाऊण तास ऐकली. मधे बोलले नाहीत, मान हलवली नाही, नुसतं बघत राहिले. गोष्ट संपल्यावर यजमानांना कसंनुसं झालं. इतकं कोणी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते स्वतः बाजारात जाऊन न्हाणीघरासाठी दांडी घेऊन आले.

रात्री जेवताना मी साहेबांना विचारलं, असं ऐकायची सवय सिनेमातल्या कोर्टामुळे का? ते हसले. म्हणाले, तिथं तर मी कधी काही ऐकलंच नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. कोर्टाचा सीन चार-पाच दिवस चाले. नायक, वकील, साक्षीदार यांचं काम आधी होई. जज्जाला बोलवत शेवटच्या दिवशी, तोवर बाकी सगळे निघून गेलेले. त्यांना उंच खुर्चीवर बसवून दिग्दर्शक सांगे, आता डावीकडे बघा, आता उजवीकडे, आता जरा दुःखी व्हा, आता हातोडा. समोर नुसते दिवे आणि एखादं स्टूल. अर्ध्या तासात सगळ्या सिनेमाचं ऐकणं उरकून टाकायचं.

"मी ज्यांना फाशी दिली," ते म्हणाले, "त्यांतल्या पुष्कळांना मी पाहिलेलंही नाही."

यजमानांनी त्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तरुण पोरांना ते कोण हे माहीत नव्हतं, पण फोटो काढून घेतले. वय झालेल्यांना चेहरा ओळखू येत नव्हता. मग साहेब 'नमस्कार' म्हणाले की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलायचा. समोरचे एक निवृत्त मास्तर पेन्शनचा कागद घेऊन आले. त्यांना मी दारातूनच सांगितलं की हे सिनेमातले आहेत. मास्तर म्हणाले, मले माहीत आहे, पन एकदा त्याईच्या नजरेखालून गेला तं बरं.

आता वलगावचं सांगायला हवं. यजमानांचे दोन चुलतभाऊ वलगावला शेती करतात. दोघांची शेतं लागून, मधे धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, धुऱ्यावर एक बोरीचं झाड आणि धुऱ्याच्या टोकाला दोघांची सामाईक विहीर. त्या धुऱ्यावरून दोघांचं बोलणं चौदा वर्षं बंद होतं. थोरला म्हणे धाकटा दरसाल नांगराचा एक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, माझ्याकडे सरकतो. धाकटा म्हणे धुराच मुळात माझ्या शेतात घातला आहे. दोनदा सरकारी मोजणी झाली, दोन्ही वेळा एकाला पटली आणि दुसऱ्याला नाही पटली, फक्त पटणारा बदलला. केस कोर्टात होती. माझ्या कोर्टात नव्हती, हे माझं नशीब.

साहेबांना कपाशी बघायची होती. सिनेमात शेतकरी असतो पण शेत कधी जवळून दाखवत नाहीत, असं ते म्हणाले. म्हणून एका रविवारी आम्ही त्यांना वलगावला नेलं. थोरल्यानं शेतात रोडग्यांचा बेत केला होता. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. साहेबांसाठी वांगी वेगळी, बिनतिखटाची केली होती आणि त्याबद्दल थोरल्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सहानुभूती दाखवली. तुरीला शेंगा होत्या, कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. बोरीखाली सतरंजी टाकून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं.

धाकटा धुऱ्यापलीकडे त्याच्या शेतात काम करत होता, म्हणजे काम नसताना उभा होता. पाहुणा मोठा होता आणि बोलावणं नव्हतं. साहेबांनी विचारलं, ते कोण? थोरला म्हणाला, कोणी नाही. यजमान म्हणाले, त्याचा भाऊ. साहेबांनी मग बसल्या जागेवरून हाक मारली. इकडे या, एवढंच. पण ते त्या आवाजात होतं. वेचणाऱ्या बायकांनीसुद्धा माना वर केल्या. धाकटा धुरा ओलांडून आला आणि का आला हे त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

समोर आल्यावर दोघं एकदम बोलायला लागले. साहेबांनी हात वर केला आणि सांगितलं की एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग उलट. थोरल्यानं सुरुवात वडिलांच्या वाटणीपासून केली. त्यात बैल आले, आईचं आजारपण आलं, धाकट्याच्या लग्नातला मानपान आला. धुरा यायला तासभर लागला. मग धाकटा बोलला. त्याच्यात हेच सगळं होतं, नुसत्या बाजू बदलल्या होत्या. एका ठिकाणी थोरला मधे तोंड घालायला गेला तर साहेबांनी फक्त त्याच्याकडे बघितलं. रोडगे गार झाले. कोणी उठलं नाही. माझ्या कामाच्या वर्षांत मी हजारो जबान्या उतरवल्या असतील, पण त्या प्रश्नाला उत्तर अशा तुकड्यातुकड्यांच्या. माणसाला पूर्ण बोलू दिलं तर तो किती वेळ बोलतो आणि कुठं थांबतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

धाकटा थांबला तिथं तो धुऱ्याबद्दल बोलतच नव्हता. तो म्हणाला, "माहा बाप गेला तवा यानं मले फोन नाई केला. गावातल्या मानसानं सांगतलं."

थोरला जमिनीकडे बघत म्हणाला, "फोन लावला होता. लागला नाई."

एवढ्यासाठी चौदा वर्षं गेली होती का, तर नाही. जमीन खरीच सरकत होती, हेही मी सांगते. 

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "मला कायदा येत नाही. मला फक्त निकाल देता येतो. पण निकाल दिल्यावर पुढं काही विचारायचं नाही. आमच्यात सिनेमा तिथंच संपतो."

दोघांनी मान डोलावली. मला काय झालं माहीत नाही. हात आपोआप पर्सकडे गेला, पेन निघालं, कागद नव्हता म्हणून एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी शॉर्टहँड सुरू केलं. साहेब खुर्चीतून उठले. बोलले ते हिंदीत, कारण निकाल त्यांना हिंदीतच येत होता. सांगितलं ते इतकंच, की दोघांनी आपापल्या बाजूनं दोन-दोन हात जमीन सोडायची. धुऱ्याची पायवाट करायची. त्या वाटेत कोणी नांगर घालायचा नाही आणि दोघांनी तिच्यावरून विहिरीवर जायचं. बोरं ज्याच्या पायाखाली येतील त्याची. हातोडा नव्हता, त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. प्लॅस्टिकचा आवाज काही विशेष आला नाही, पण वेचणाऱ्या बायकांपैकी एकीनं हात जोडले.

थोरल्यानं विचारलं, "अन् पुढच्या मोजनीत येगळं निघालं तं?"

"सिनेमा संपला," साहेब म्हणाले आणि खाली बसून गार रोडगा मागितला.

दुसऱ्या दिवशी धाकटा आमच्या घरी हजर. त्याला निकालाची नक्कल हवी होती. मी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केली, मराठी करून, 'सबब' आणि 'येणेप्रमाणे' घालून. बत्तीस वर्षांत मी टाइप केलेला हा सगळ्यात छोटा निकाल होता. तीन प्रती काढल्या, दोन भावांच्या दोन आणि एक माझी, माझ्या सह्यांच्या फाइलला. सही करताना साहेब अडले. त्यांनी मला विचारलं की खरे जज्ज सही कशी करतात. मी सांगितलं, लहान, जराशी तिरकी आणि शेवटी थकल्यासारखी. त्यांनी एका कोऱ्या कागदावर दोनचारदा करून पाहिली आणि मग तिन्ही प्रतींवर तशी केली. पेनचं टोपण आठवणीनं काढलं. म्हणजे इतक्या वर्षांनी एका नटानं माझ्या डोळ्यांदेखत केलेली शाईची सही मला मिळाली ती अशी, की ती त्याची सही नव्हती, भूमिका होती. तीही आठवडाभरच टिकली. धाकट्यानं आपली प्रत हरवली आणि माझी नेली, तलाठ्याला दाखवायला.

तलाठ्यानं ती दोनदा वाचली म्हणे. भाषा बिनचूक होती. मग विचारलं, हे कोणतं कोर्ट? धाकट्यानं खरं ते सांगितलं, बोरीखालचं. तलाठ्यानं समजावलं की असं चालत नाही, दोघा भावांनी सह्या करून रीतसर लिहून द्यावं लागतं. यात दोघांच्या सह्याच नव्हत्या, नुसती जज्जाची होती. रीतसर लिहून द्यायला मात्र दोघंही तयार नव्हते. लिहून देणं म्हणजे हरणं, असं दोघांचंही मत. चौदा वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

साहेब बाराव्या दिवशी गेले, बडनेऱ्याहून गाडीनं. नवीन जागेची किल्ली ठरल्याआधी मिळाली होती. यजमानांनी स्टेशनवर त्यांची बॅग उचलू दिली नाही. निरोपाचं काही मोठं बोलणं झालं नाही. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून म्हणाले की तो पुराच्या वर्षीचा ट्रान्सफॉर्मर अजून चालू आहे का, हे विचारायचं राहिलं. यजमान प्लॅटफॉर्मवरून चालत चालत उत्तर देत गेले, आणि गाडीनं वेग घेतल्यावर मी एकटी मागे राहिले.

पुढच्या खरिपाला मी मुद्दाम वलगावला जाऊन बघून आले. चार हातांची वाट दोन्ही बाजूंनी सोडलेली होती. कागद नाही, मोजणी नाही, पण नांगर तिथून वळून गेलेला स्पष्ट दिसत होता. थोरल्याची बायको त्या वाटेनं विहिरीवर जाते आणि धाकट्याचीही. दोघी बोलतात. भाऊ फार बोलत नाहीत. आणि केस चालूच आहे. पुढची तारीख पडली की दोघं एकाच मोटरसायकलवर बसून अमरावतीला येतात, कोर्टाबाहेर वेगवेगळ्या वकिलांकडे जातात, पुढची तारीख घेतात आणि मग एकाच गाड्यावर गिला वडा खाऊन परत जातात. मी थोरल्याला म्हटलं, आता केस मागे घ्या की. तो म्हणाला, "कायले घ्याची वहिनी? त्या निमित्तानं दोघं सोबत येतो."

साहेबांचा रविवारी फोन येतो. मला नाही, यजमानांना. पण शेवटी दोन मिनिटं मला देतात. मधे त्यांना एका मालिकेत काम मिळालं होतं, आजारी आजोबांचं. पलंगावर पडून सगळ्यांचं ऐकायचं, बोलायचं काही नाही. ते म्हणाले, या वेळी समोर खरी माणसं होती, बोलतही होती, पण सारखी तेच तेच बोलायची. वलगावची केस अजून चालू आहे हे मी बरेच दिवस त्यांच्यापासून लपवलं. मग एकदा सांगून टाकलं.  त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या निकालाला स्थगिती मिळाली का?"

मी म्हटलं, तसं नाही साहेब. अंमलबजावणी झाली आहे. निकाल अजून लागायचा आहे.

त्यांना ते समजायला वेळ लागला. मग ते हसले, त्या मोठ्या आवाजात, आणि यजमानांना फोन द्या म्हणाले.

या डिसेंबरात त्यांना तुरीच्या ओल्या शेंगा खायला यायचं आहे. मी बरं म्हटलं. यजमान मागच्या न्हाणीघरात गीझर बसवून घेत आहेत.